मिठाचा हात

तळहातावरचं लिंबू शाहीननं कानाशी नेऊन हलवलं. आत काहीतरी सुटं झालेलं होतं, बी असेल किंवा वाळून कडक झालेली एखादी फोड... बारीक खट्-खट् आवाज येत होता, आणि एवढंसं हलकं, काळपट, सुरकुतलेलं ते लिंबू नाकाशी धरलं की अजूनही तोंडाला पाणी सुटत होतं. उन्हाळ्यात परसातल्या झाडाला लिंबं उदंड लागली तेव्हा मिठाच्या पाण्यात एक उकळी काढून तिनं ती गच्चीवर वाळत घातली होती, पार काळी पडेपर्यंत ती तिथंच होती, मग डब्यात गेली आणि विसरलीही गेली. उकळीच्या पाण्यात मीठ अम्मांनी घातलं होतं. अर्थात. या घरात मीठ अम्माच घालतात — पदार्थ कुणीही करो, गॅसपाशी कुणीही उभं राहो, मिठाला हात अम्मांचा.

अम्मा म्हणजे तिची सासू, सुरैय्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. पुढ्यात कोथिंबीर होती, पालक होता, कांद्याची पात होती, शेपू होता, आणि अम्मांची बोटं त्या ढिगात अशी काही झपाझप चालली होती की पाहणाऱ्यानं म्हणावं, या बाईला काय धाड भरलीय! पान इकडं, काडी तिकडं. एकही पिवळं पान चुकून आत जात नव्हतं.

"एवढी मेथी?" त्या म्हणाल्या. "कुणाचं लगीन काढलंस का काय?"

शाहीन हसली. "शिजली की बसते अम्मा. मूठभर होईल."

"ढोराला वैरण टाकल्यावानी दिसतंय. मुजू खाईल व्हय आसलं?" मुजू म्हणजे मुजफ्फर, शाहीनचा नवरा.

"अब्बांसाठी करतेय. तेल कमी, मसाला कमी. इराणकडची पद्धत आहे म्हणे."

"इराण!" अम्मांनी मान हलवली, इराण म्हणजे बावड्याच्या पलीकडचं एखादं गाव असल्यासारखी, आणि पुन्हा मेथीत शिरल्या.

कांदा तेलावर टाकताना शाहीनच्या मनात दिवसभर घोळत असलेलं वाक्य पुन्हा एकदा पुढं आलं. अम्मा, यात मीठ घालतच नाहीत, तिकडची रीतच तशी आहे. सकाळी लोणी देवकरला कारखान्यात डाळिंबाचे दाणे वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून ती हेच वाक्य घोकत होती — डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, हातात मोजे, डोळे दाण्यांवर आणि पट्टीच्या आत ओठ हलताहेत... तिकडची रीतच तशी आहे अम्मा. साधं एक वाक्य. खोटं, पण साधं. आज अम्मांच्या हातचं मीठ या पातेल्यात एकदाही पडू द्यायचं नव्हतं, एवढंच आजच्या संध्याकाळचं काम होतं, आणि बाकी ही मेथी, हा राजमा, हा इराण, हे सगळं त्या एका कामावर घातलेलं पांघरूण होतं.

कारण अम्मांचा हात आता दोनदा जात होता. कधी तीनदा.

पावसाळ्यात कधीतरी सुरू झालं ते. आधी वाटलं बाजारात मीठच बदललं असेल. मग वाटलं वय झालं, बोटांचा अंदाज सुटला. आणि मग एके दिवशी शाहीननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं — अम्मा आल्या, बिस्मिल्ला म्हणाल्या, बरणीत हात घातला, आमटीत मीठ सोडलं, परसात जाऊन आल्या, आणि पुन्हा तितक्याच शांतपणे, तितक्याच श्रद्धेनं, बिस्मिल्ला... दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. तीच गोष्ट शाहीनच्या छातीत बसली. घाईत चुकलेलं माणूस ओळखू येतं, ते गोंधळलेलं असतं. अम्मा गोंधळलेल्या नव्हत्या. त्यांच्यापुरतं पहिलं मीठ पडलंच नव्हतं.

"कुणाचं लगीन काढलंस का काय?" उंबऱ्यातून आवाज आला. "एवढी मेथी!"

कांदा हलवणारा हात क्षणभर थांबला. तोच सूर, तेच हसू, शेवटी तसाच वर गेलेला आवाज. शाहीननं मागं वळून मघासारखंच हसायचा प्रयत्न केला, आणि ते जमलंही, पण जमलं याचंच तिला वाईट वाटलं. मला सवय होत चाललीय, ती मनात म्हणाली. दुसऱ्यांदा हसायची सवय.

"शिजली की बसते अम्मा," ती म्हणाली. "मूठभर होईल."

निवडलेला पाला धुऊन, निथळून ती बारीक चिरायला बसली. प्रियदर्शनीनं सांगितलं होतं, पाला भरपूर घ्यायचा आणि कांद्यावर पार काळपट हिरवा होईतो परतायचा, तिथं घाई केलीस तर सगळं पालकाच्या भाजीसारखं लागतं. प्रियदर्शनी कारखान्याच्या लॅबमध्ये होती, बारामतीहून रोज ये-जा करायची, आणि तिच्या डब्यात नेहमी काहीतरी अगडबंब नाव असलेलं निघायचं. एप्रिलात तिनं ही भाजी आणली होती. "शाहीनताई, चाखून तर बघ. ही वाळलेली लिंबं आख्खी टाकायची, आणि गंमत म्हणजे मीठ जवळजवळ लागतच नाही. आंबटपणा सगळं सांभाळून नेतो." तेव्हा शाहीननं फक्त लिंबांचं लक्षात ठेवलं होतं, हौस म्हणून. मिठाचं वाक्य कानामागं गेलं होतं. ते परत आलं मागच्या महिन्यात, बारामतीच्या दवाखान्यात, सासऱ्यांच्या, अब्बांच्या खाटेपाशी, डॉक्टर जवळजवळ तेच म्हणाले तेव्हा. आंबट वापरा, लसूण वापरा, काय वाट्टेल ते वापरा, पण मीठ तोडा. पाय सुजलेत, धाप लागतेय. पुन्हा असं पाणी साठलं तर मला काही सांगता यायचं नाही.

पाला पातेल्यात पडला तसा चर्रर्र आवाज झाला आणि घरभर मेथी आणि शेपूचा कडवट वास पसरला. "जळतंय की गं," अम्मा म्हणाल्या. "जळत नाही, परततेय." "काळं पडाय लागलं." "काळंच करायचंय अम्मा." अम्मांनी तोंडाचा चंबू केला, काड्या पदरात गोळा केल्या आणि शेळीला घालायला परसात गेल्या.

हे मिठाचं एका हाताचं प्रकरण अम्मांनी सुरू केलेलं नव्हतंच. त्यांच्या सासूनं, म्हणजे अब्बांच्या आईनं घालून दिलेली रीत ती. तेव्हा या घरात तिघी जावा एका चुलीवर, आणि जी ती येता-जाता कालवणात मीठ टाकायची, दुसरीनं टाकलं असेल-नसेल कोण बघतो! एकदा म्हणे मोहरमला मोठ्या पातेल्यातलं सगळं कालवण खारट झालं, पाहुणे पाणी पीत उठले, आणि म्हातारीनं मिठाची बरणी उचलून आपल्या उशाशी नेऊन ठेवली. आजपास्नं हात एकच. बरणीत चमचा न्हाय, मोजमाप न्हाय, थोरल्या बाईचा उघडा हात आणि अल्लाचं नाव. मरताना तिनं बरणी अम्मांच्या हातात दिली. दोनदा मीठ पडू नये म्हणून केलेला कायदा, आणि आता त्याच कायद्यानं दोनदा पडतंय... शाहीनला एखाद्या वेळी हसू यायचं याचं. आज नाही आलं.

राग मात्र यायचा. खरं सांगायचं तर भयंकर राग यायचा. ऑक्टोबरात बावड्याहून अम्मांच्या माहेरची माणसं जेवायला आली होती, मटण केलं होतं, आणि पहिल्याच घासाला सगळ्यांचे चेहरे असे झाले की लपवता लपेनात. अम्मांचा भाऊ हसून काहीतरी बोलणार तेवढ्यात शाहीनच म्हणाली, मामू, माझी चूक, मी चुकून परत मीठ टाकलं. कोणत्या तोंडानं म्हणाली कोण जाणे, पण म्हणाली. अम्मांचा चेहरा वाचवायचा होता. आणि अम्मांनी काय करावं? ताटावरून उठून, सगळ्यांसमोर, "या घरात इतकी वर्सं झाली तुला, आन् मिठाला हात लावतीस? आसं कुणी शिकवलं?" त्यांचे डोळे भरून आले होते. खरोखरच अपमान झाला होता त्यांचा, आणि तो शाहीननं केला होता. मुजफ्फर पाणी आणायला म्हणून उठला तो बराच वेळ आलाच नाही. त्या रात्री तो म्हणाला, "तू बोललीस ते बरं केलंस." बरं केलंस! मी काय दगड आहे, तिला ओरडायचं होतं. पण पलीकडच्या खोलीत अम्मा जाग्या होत्या.

फोन वाजला. मुजफ्फरच होता, दुकानातून. बारामती रस्त्यावरचं बॅटरी-डायनामोचं दुकान, आधी अब्बांचं, आता त्याचं.

"अम्माला सांगितलंस का मिठाचं?"

"नाही."

"आता नकोच सांगू. अब्बांना कळलं तर..."

"मला माहितेय अब्बांना कळलं तर काय होईल ते. तू वेळेवर ये जेवायला."

फोन ठेवून तिनं शिजलेला राजमा पाल्यात ओतला, हळद टाकली, पाणी घातलं. लिंबांना सुरीच्या टोकानं भोकं पाडून एकेक आत सोडलं. ती बुडेनात. वरच तरंगत राहिली.

अब्बांना कळलं तर. अब्बांना कळलेलंच होतं, ते काय खुळे होते? घरात सगळ्यात आधी त्यांनाच कळलं असेल. मीठ जास्त झालं की ते भाकरी जास्त खायचे आणि तांब्याभर पाणी प्यायचे, बस. एका शब्दानं बोलायचे नाहीत. दवाखान्यातून घरी आणल्यावर मुजफ्फरनं धीर करून विषय काढला होता, अब्बा, अम्माच्या हातून आता मिठाचं... आणि अब्बांनी, ज्यांना दोन वाक्यं सलग बोलताना धाप लागत होती, त्यांनी थांबत थांबत सगळं बोलून घेतलं होतं. "माझ्या आईनं तिच्या हातात दिलीया बरणी. मी जित्ता असताना ती कोण काढणार? तू? माझी सारी हयात तिच्या हातचं मीठ खाल्लंय मी. ज्या दिशी तिच्या हातनं मीठ काढाल, त्या दिशी मला ताट वाढू नगा." आणि मग भिंतीकडं तोंड करून झोपले. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, लोक म्हणाले असते. पण ते मीठच त्यांना मारत होतं, आणि ते ताट रोज शाहीन वाढत होती.

बरणी लपवून पाहिली होती तिनं. अम्मांनी एकदा मीठ घातलं की ती बरणी उचलून पिठाच्या डब्यामागं ठेवायची, म्हणजे दुसऱ्यांदा हाताला लागायला नको. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी कारखान्यातून आली तर स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवलेले, तांदूळ, डाळी, पापड, रव्याचा डबा उघडा, आणि मधोमध अम्मा बसलेल्या. "काय शोधताय अम्मा?" त्यांनी वर पाहिलं. लहान मूल बाजारात हात सुटल्यावर पाहतं तसं पाहिलं. "व्हतं काहीतरी," त्या म्हणाल्या. "हितंच व्हतं. माझंच व्हतं." काय ते त्यांना सांगता येईना. शाहीननं मुकाट्यानं पिठाच्या डब्यामागून बरणी काढली आणि जागेवर ठेवली, आणि अम्मांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही, त्या अजून शोधतच होत्या. त्या दिवसानंतर बरणीला तिनं हात लावला नव्हता.

मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली. अम्मा हातपाय धुऊन, वजू करून आत नमाजाला गेल्याचं तिनं पाहिलं, आतल्या खोलीचा पडदा पडला, आणि स्वयंपाकघरात रश्श्याच्या मंद बुडबुड्यांखेरीज काही उरलं नाही.

खरं तर वाक्य तयार होतं. तिकडची रीतच तशी आहे. पण एकदम तिला वाटलं, मीठ नाहीच म्हटलं तर अम्मा थोड्याच ऐकणार? मीठ न्हाय म्हंजी? आजाऱ्याला आळणी घालतीस? म्हणतील आणि हात घालतील. आणि तसंही अगदी आळणी अब्बा खाणार नाहीत, पहिल्या घासाला ओळखतील की बायकोच्या हातातून मीठ गेलं. म्हणजे थोडं तरी हवं. जिभेला लागेल एवढं, पायांवर सूज येणार नाही एवढं. तिनं पडद्याकडं पाहिलं, आणि बरणीचं झाकण काढलं.

हात आत गेला आणि तिथंच राहिला. किती?

तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं स्वयंपाक केला, पन्नास माणसांची बिर्याणी अंदाजानं उतरवली, तेल किती, तिखट किती, पाणी किती हे झोपेतही सांगितलं असतं... आणि मीठ किती हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. माहेरी आईच्या हाताखाली होती, इथं आली ती अम्मांच्या. खडबडीत मीठ बोटांना लागलं तसा हात परक्याच्या घरात शिरल्यासारखा चोरटा झाला. अख्खी बाई आहे मी, दोन लेकरांची आई, नी मला मिठाचा अंदाज नाही! शेवटी तिनं हात झटकला, मांडणीवरचा छोटा चमचा घेतला, अर्धा भरला, त्यातलं थोडं परत टाकलं, आणि उरलेलं पातेल्यात सोडलं. बिस्मिल्ला म्हणायचं राहिलं. ते नंतर म्हणाली, आणि नंतर म्हटलेलं चालतं की नाही कोण जाणे. चमचा धुतला, पुसला, होता तिथं ठेवला. सासू नमाजावर असताना. हसावं की रडावं तिला कळेना.

अम्मा आल्या तेव्हा ती भाकरी थापत होती. त्या सरळ ओट्यापाशी गेल्या. पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ अंगावर घेतली, "वास चांगला हाय गं," म्हणाल्या. मग उजवा हात बरणीत गेला. शाहीनच्या हाताखालची भाकरी थांबली. आता. आता बोल. तिकडची रीतच तशी आहे अम्मा, यात मीठ घालतच नाहीत...

अम्मांचा हात मिठासकट पातेल्यावर आला आणि थांबला.

बराच वेळ तो तसाच होता, वाफेत. मूठ मिटलेली. मग अम्मांनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू, बाहेरच्या खोलीत बसलेल्या अब्बांना ऐकू जाऊ नये इतकं हळू विचारलं,

"घातलं का गं मी?"

कधी विचारलं नव्हतं त्यांनी. इतक्या महिन्यांत एकदाही नाही. शाहीनला वाटत आलं होतं की त्यांना कळतच नाही, आणि त्यांना कळत नाही म्हणून आपण काय ते सोसतोय. त्यांना कळत होतं. कधीपासून? बावड्याच्या पाहुण्यांपुढं डोळे भरले होते ते कशानं भरले होते मग? दिवसभर घोकलेलं वाक्य तोंडातून कुठं गेलं कोण जाणे. दुसरंच बाहेर आलं.

"घातलंत अम्मा. मघाशीच."

"घातलं व्हय?"

"हो."

अम्मांनी मुठीकडं पाहिलं. मूठ बरणीवर नेऊन सैल केली, मीठ पुन्हा आत पडलं, तळव्याला चिकटलेले खडे पदराला पुसले. तिनं सांगितलं आणि त्यांनी मानलं. एवढ्यावर झालं. शाहीनला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, अर्ध्या शब्दात, भांडण न होता, बरणी न लपवता. म्हणजे आता यापुढं अम्मांनी काय केलं न् काय नाही हे मी सांगायचं. मी म्हणेन घातलं, तर घातलं. मी म्हणेन न्हाय, तर न्हाय. असं कुणाचं काही आपल्या हातात यावं असं तिला कधी वाटलं नव्हतं, मिठाची बरणी हवी होती फक्त.

अम्मांनी पळीनं थेंबभर रस्सा तळहातावर घेतला, फुंकर मारून चाटला. दोनदा जीभ टाळ्याला लावली.

"कमी लागतंय," त्या म्हणाल्या. "माझा हात एवढा कमी पडत न्हाय कधी." शाहीन भाकरीकडं बघत राहिली, ती तव्यावर टाकायचंसुद्धा सुधरेना. "म्हातारा झाला आसंल हात," अम्मा म्हणाल्या, आणि झाकण ठेवून बाहेर गेल्या.

तेव्हा तिला ओरडून सांगायचं होतं. नाही झाला हो म्हातारा, तो तुमचा हातच नव्हता, मी आहे चोर. पण सांगितलं असतं तर मूठ परत पातेल्यावर आली असती. भाकरी एका बाजूनं करपली. ती तिनं स्वतःच्या ताटाला घेतली.

मुजफ्फर वेळेवर आला. मुलं शिकवणीहून यायची होती, त्यांचं वेगळं काढून ठेवलं. बाहेरच्या खोलीत दस्तरखान पसरलं, अब्बांना भिंतीचा टेका देऊन बसवलं, पायांवर हात फिरवत त्यांनी ताटातल्या काळपट हिरव्या रश्श्याकडं पाहिलं.

"हे काय म्हणायचं?"

"इराणी भाजी आहे अब्बा. राजमा आणि पाला."

"इराणी म्हंजी हाटेलातलं? पुण्यात गेलो हुतो तवा च्या पिलो हुतो इराण्याकडं. भाजी बी आसती व्हय त्यांच्यात?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला. मुजफ्फरचा हात ताटातच राहिला. अब्बा सावकाश चावत होते. गिळलं. दुसरा घास घेतला नाही. ते अम्मांकडं बघत नव्हते, शाहीनकडं बघत होते.

"मीठ कुणी घातलं?"

शाहीनचं लक्ष त्यांच्या ताटाकडं गेलं. त्यांनी ताट सारलं तर? आज सारलं तर उद्याही सारतील, हट्टाला पेटलेला माणूस, डॉक्टरनं काय सांगितलंय... मुजफ्फर ताटाच्या काठावरची भाकरीची चुरी बोटानं गोळा करत होता. याला आजही पाणी आणायला उठायचंय, तिच्या मनात आलं.

"कुणी म्हंजी?" अम्मा म्हणाल्या. "मीच की."

त्यांनी आपल्या ताटातलं शिजून फुगलेलं एक लिंबू चिमटीत उचललं होतं. अंगठ्यानं दाबलं तसा त्यातून काळसर रस आला. "ही लिंबं वळखली का? परसातली. उन्हाळ्यात हिनं उकळली न्हवं, तवा पाण्यात मीठ मीच टाकलं. चांगलं दोन मुठी. आन् तुमी वरडला मला, लिंबाला एवढं मीठ कशाला म्हून. गच्चीवर माकडं आली तर मी बसत हुते राखण." त्या हसल्या. "आता इराणाला गेली."

अब्बा अम्मांकडं बघत राहिले. मग त्यांच्या गालावरची शीर सैल झाली. "व्हय, व्हय," ते म्हणाले, "वरडलो हुतो खरा," आणि दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "आंबट हाय, पर बरं लागतंय."

शाहीन अम्मांच्या चेहऱ्याकडं पाहत होती. अम्मा लिंबाच्या बिया काढून ताटाच्या कडेला ओळीनं ठेवत होत्या. मघाची मूठ, ती वाफ, तो हळू विचारलेला प्रश्न... ते त्यांना आठवत होतं का? आठवत होतं म्हणून त्यांनी लिंबू उचललं, आपल्याला सोडवायला, की तेही केव्हाच पुसलं गेलं होतं आणि मीठ म्हटल्यावर हाताला लागला तो उन्हाळाच? तिनं डोळ्यांत शोधलं. तिथं नेहमीच्या अम्मा होत्या, बिया मोजणाऱ्या. विचारता येण्यासारखं नव्हतं. एवढं मात्र खरं, की या रश्श्यात अम्मांचं मीठ होतं, तिनं घालायच्या आधीपासून होतं, ज्या दिवसांत तो हात एकदाच जायचा त्या दिवसांचं. म्हणजे 'घातलंत' म्हणाली ते अगदीच खोटं नव्हतं. पण हे तिला आता सुचलं होतं. मघाशी ती खोटंच बोलली होती.

"आगं, जेव की," अम्मा म्हणाल्या. "कवाची बघतीयास माझ्याकडं."

तिनं करपलेल्या भाकरीचा तुकडा रश्श्याला लावून तोंडात घातला. आंबट होतं, कडवट होतं, मेथीचा वास होता. मीठ बरोबर आहे की कमी आहे, तिला कळेना. या घरात ते तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. तिनं आणखी एक घास घेतला, डोळे मिटून, जीभ टाळ्याला लावून, अम्मा लावतात तशी... आणि तरी कळेना. अब्बांनी आणखी थोडा रस्सा मागितला. वाढायला ती उठली, आत गेली, ओट्यावर बरणी उघडीच होती.

झाकण लावता लावता तिच्या मनात आलं, उद्या साधी तुरीची आमटी. तिच्यात लिंबं नसतात.